जुन्या मिग-२५ ला रॉकेट लावून ते कक्षेत नेता येईल का?

नाही भाऊ, मिग-२५ म्हणजे जुनं सोव्हिएत लढाऊ जेट विमान, त्याला रॉकेट लावलं तरी ते पृथ्वीभोवती फिरणार नाही. पण प्रश्न येडपट नाही, असे उद्योग लोकांनी खरंच केलेत.

कक्षेत जायला नुसती उंची कामाची नाही, आडवा वेग लागतो, ताशी २८ हजार किमीच्या आसपास. मिग-२५ जातं जेमतेम ३ हजारानं, अन् ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे लागणाऱ्या ऊर्जेचा ऐंशी-नव्वदावा हिस्साच हाती येतो बाप्पा. उंचीचं म्हणाल तर १९७७ मध्ये फेदोतोव्ह नावाच्या सोव्हिएत पायलटनं रेकॉर्डसाठी सुधारलेलं मिग-२५ ३७,६५० मीटरवर नेलं होतं. वर गेलं, खाली आलं, बस.

तुम्ही म्हणता तसंच अमेरिकेनं एफ-१०४ या लढाऊ विमानावर केलं, शेपटीत रॉकेट इंजिन बसवलं अन् हवा विरळ म्हणून दिशा बदलायला छोटे थ्रस्टर, म्हणजे वायूचा झोत सोडणारी लहान इंजिनं, दिली. ते ३६ किमीच्या वर गेलं खरं, पण डिसेंबर १९६३ मध्ये चक येगरसारख्या नामी अमेरिकन पायलटच्या हातून ते गरगरत खाली आलं, तो इजेक्ट झाला म्हणून वाचला पण चांगलाच भाजला. अमेरिकेचंच एक्स-१५ तर जन्मानंच रॉकेट विमान, बी-५२ या मोठ्या बॉम्बर विमानाच्या पंखाखालून सोडायचे, १९६३ मध्ये जवळपास १०८ किमी उंची गाठली, १९६७ मध्ये ताशी ७,२७४ किमी वेग, तरी कक्षेच्या वेगाचा पावच झाला ना.

खरी अडचण वजनाची आहे. कक्षेत जाणाऱ्या रॉकेटचं उडतानाचं वजन नव्वद टक्क्यांच्या आसपास नुसतं इंधन अन् ऑक्सिडायझर (इंधन जळायला लागणारा ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ) असतं, मिग-२५ मध्ये इंधन निम्म्याहूनही कमी. वरतून पंख, चाकं, जेट इंजिनं, हवा संपल्यावर यांचा काही उपयोग नाही पण ओढत न्यायचंच, कापूस उतरवून झाल्यावर रिकामी ट्रॉली घेऊन घाट चढल्यासारखं.

आणि समजा पोचलंच, तर परत कसं येणार? २०२२ च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी आपल्या विदर्भाच्या आभाळात जळते पट्टे दिसले होते आठवतं का, अन् सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूची मोठी रिंग पडली, चिनी रॉकेटचा तुकडा असावा असं सांगितलं गेलं. कक्षेच्या वेगानं हवेत घुसलं की असं होते. मिगचा सांगाडा बहुतेक स्टीलचा आहे, उष्णतारोधक कवच काही नाही.

जमते ते असं की विमानानं रॉकेट वर न्यायचं अन् सोडून द्यायचं. पेगासस नावाचं अमेरिकन रॉकेट १९९० पासून विमानातून साधारण १२ किमीवरून सुटायचं अन् उपग्रह कक्षेत ठेवायचं, २०२१ मध्ये बोइंग ७४७ वरूनही जमलं. यातलं एकही विमान आवाजापेक्षा वेगानं जात नाही! फायटर लहान रॉकेटच उचलू शकते, १९५८ मध्ये अमेरिकन नौदलानं स्कायरे फायटरवरून सहा वेळा असं करून पाहिलं, एकही उपग्रह कक्षेत गेल्याचं पक्कं झालं नाही. अन् लय वेगात काही सोडणं जिवावर बेतते, १९६६ मध्ये एसआर-७१ या अतिवेगवान अमेरिकन हेर विमानाच्या भावंडावरून सोडलेला ड्रोन उलटून त्याच विमानावर आदळला, एक जण गेला. म्हणून माझ्या मते वेगाचा नाद सोडून मोठं, संथ, भार उचलणारं विमान घ्यावं.

इस्रोनं तर उलटंच केलं, २०१६ मध्ये हवेतलाच ऑक्सिजन घेणारं स्क्रॅमजेट इंजिन रॉकेटवर बसवून वर नेलं अन् तिथं पेटवून पाहिलं.