विहिरीचं पाणी आधी टाकीत साठवावं, की मोटर थेट नळांना जोडावी?

तुमच्याकडे विहीर आहे, गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला जोर नाही, म्हणून टाकी काढून मोटर सरळ घरातल्या लाइनला जोडायचा विचार आहे. मी दोन्ही प्रकार करून बसलोय आणि त्यात एक मोटर जाळलीय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रेशरचं नंतर बघू. आधी विहिरीत डोकवा. मोटर लावून पातळी बरीच खाली आणा आणि बंद करा. दोरीला दगड बांधून खाली सोडा, पाण्याला टेकला की काठाशी दोरीला गाठ मारा. तासाभराने पुन्हा सोडून बघा. समजा विहिरीचा व्यास 2 मीटर आहे आणि तासात पाणी 10 सेंटीमीटर चढलं. म्हणजे साधारण 314 लिटर आले, मिनिटाला जेमतेम 5. एकटा शॉवर मिनिटाला 8-10 लिटर घेतो! पण हाच झरा रात्रंदिवस चालू धरला तर 24 तासांत साडेसात हजार लिटर होतात. पातळी वर येईल तशी आवक मंदावते, तरी घराला पुरून उरेल एवढं पाणी आहे. फक्त ते सावकाश येतं आणि आपल्याला सकाळी सात ते नऊ एकदम लागतं.

मग विहिरीत साठा किती, हे बघायचं. 2 मीटर व्यासाच्या विहिरीत दर मीटर खोलीला 3,140 लिटर पाणी मावतं. सगळ्यात कोरड्या दिवसांतही फुटव्हॉल्व्हच्या (मोटरच्या पाइपच्या पाण्यातल्या तोंडाला असतो तो व्हॉल्व्ह) वर दोन-तीन मीटर पाणी राहत असेल, तर तुमची विहीर हीच तुमची टाकी. थेट जोडणी खुशाल करा. पण विहीर म्हणजे 6 इंची बोअर असेल, तर दर मीटरला फक्त 18 लिटर. आवक कमी असलेल्या बोअरवर थेट मोटर म्हणजे अंगाला साबण लावलेला असताना पाणी तुटणार आणि मोटर कोरडी चालणार. ड्राय रन बंद करणारं उपकरण लावलं तर मोटर वाचेल, तुमचा साबण नाही.

आता थेट जोडणीतली माझी चूक सांगतो. मी 20 लिटरची छोटी प्रेशर टाकी बसवली होती, म्हणजे बंद टाकी, आत रबरी फुग्याच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला दाबलेली हवा; नळ उघडला की ती हवा पाणी ढकलते. अशा टाकीतलं जेमतेम एक तृतीयांश पाणी मोटर सुरू न होता मिळतं, म्हणजे 7 लिटर. माझी मोटर मिनिटाला 40 लिटर फेकायची आणि भांडी घासायचा नळ 6 लिटर घ्यायचा. हिशोब केलात तर कळेल, दर सव्वा मिनिटाला मोटर चालू, दहा-बारा सेकंदांत बंद. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, त्यामुळे तिला खरी झळ बसते ती सुरू होतानाच. पुढे टाकीतला रबरी फुगा फाटला. फ्लशच्या टाकीतून पाणी झिरपत होतं, तेवढ्यावर रात्रभर प्रेशर स्विचची (दाब बघून मोटर चालू-बंद करतो तो) टक... टक... काही दिवसांतच मोटरचं वायंडिंग (आतली तारेची गुंडाळी) जळालं. थेटच करायचं असेल तर प्रेशर टाकी 100 लिटरच्या आसपासची घ्या आणि अधूनमधून बोटाच्या पेराने ठोकून बघा: अर्धी पोकळ वाजली पाहिजे. खालपासून वरपर्यंत भरीव आवाज आला की समजा फुगा गेला.

गच्चीवरच्या टाकीचं दुखणं मात्र खरंच प्रेशर. 10 मीटर उंचीला एक किलो दाब मिळतो. टाकीचा तळ शॉवरच्या 3 मीटर वर असेल तर 0.3 किलो, आणि शॉवर रडत येणारच. तरी एक तपासा: टाकीतून अर्ध्या इंचाचा पाइप निघून दहा एल्बो घेत खाली आलाय का? असेल तर टाकीखालची मुख्य लाइन सव्वा किंवा दीड इंची करा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात असा माझा अनुभव.

टाकीचे फायदे वीज गेल्यावर कळतात. शिवाय गाळ खाली बसतो. पाण्यात लोह असेल तर हवा लागून त्यातलं बरंचसं टाकीतच लाल होऊन तळाला जातं, नाहीतर ते कपड्यांवर उतरतं. त्या बदल्यात टाकी धुवावी लागते, झाकण घट्ट ठेवावं लागतं, ओव्हरफ्लोच्या तोंडाला डासांसाठी जाळी हवी. उजेड आत गेला की शेवाळ धरतं, म्हणून अपारदर्शकच टाकी घ्या.

विहीर दमदार नसेल तर माझं मत सरळ आहे: टाकी काढू नका. मोटरने टाकी भरा, फ्लोट स्विच (टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा) लावा, आणि टाकीच्या खाली छोटा बूस्टर पंप बसवा, तोही फक्त वरच्या मजल्यावरच्या बाथरूमच्या लाइनवर. बूस्टरला समांतर एक पाइप टाकून त्यात एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) बसवायला सांगा. तो नसेल तर वीज गेल्यावर बूस्टरमधून पाणी अडत अडत येतं. प्लंबर हे बहुतेक विसरतात.

विहिरीचा व्यास, तासाभरात चढलेलं पाणी आणि घरात माणसं किती, एवढं खाली लिहा, टाकी किती लिटरची लागेल ते काढून देतो.