कुलूप लावण्यापूर्वी

या वेळी आलेल्या पत्रांत एकट्याने राहणाऱ्या आणि एकट्याने प्रवासाला निघणाऱ्या वाचकांची पत्रे अधिक आहेत. प्रवासाची भीती आणि मागे राहणाऱ्या घराची काळजी या दोन्ही गोष्टी त्यांत एकमेकींत इतक्या मिसळलेल्या आहेत की उत्तरेही एकत्रच देणे मला योग्य वाटले.

प्रश्न : मी एकटी राहते आणि पुढील महिन्यात तीन आठवड्यांसाठी बाहेर जाणार आहे. मागच्या वेळी परतले तेव्हा फ्रीजमध्ये बुरशी आली होती, कपाटातील कपड्यांना कुबट वास येत होता आणि कुंड्यांतील रोपे वाळून गेली होती. घर बंद करताना काय करावे आणि ते कोणत्या क्रमाने करावे?

उत्तर : क्रमाबद्दल तुम्ही विचारलेत याचा मला आनंद झाला, कारण काय करायचे ते बहुतेकांना ठाऊक असते, ते सगळे निघण्याच्या दिवशी करायला घेतले जाते, तिथे गोंधळ होतो. बंद घराचे सर्वाधिक नुकसान ओलीमुळे होते आणि ओल वाळायला वेळ लागतो. भिजलेल्या कापडावर किंवा लाकडावर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू शकते. म्हणून सकाळी निघायचे असताना पहाटे कपडे धुऊन ते घरात पसरून जाणे किंवा ओल्या फडक्याने फरशी पुसून लगेच खिडक्या लावून घेणे म्हणजे तीन आठवड्यांच्या बुरशीची सोय आपणच करून ठेवण्यासारखे आहे. शेवटची धुलाई दोन दिवस आधी उरका, धुलाई यंत्राचे झाकण उघडे ठेवा, पायपुसणी आणि भांडी पुसायची फडकी कोरडी करूनच आत ठेवा. कपाटे बाहेरच्या भिंतीला चिकटून असतील तर ती चार बोटे पुढे ओढा आणि त्यांची दारे किंचित किलकिली ठेवा. खोल्यांची आतली दारेही बंद करू नका. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीला सहसा वाव मिळत नाही, पण बंद कपाटाच्या कोपऱ्यात ती खोलीपेक्षा बरीच जास्त असू शकते.

फ्रीजबाबत मात्र अर्धवट निर्णय घेऊ नये. तो बंद करायचा असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी पूर्ण रिकामा करून, बर्फ वितळू देऊन, आतून कोरडा पुसावा आणि दाराच्या फटीत घडी घातलेले जाड कापड अडकवून दार उघडे राहील असे पाहावे. मागच्या वेळी तुमच्याकडे बुरशी आली ती बहुधा बंद फ्रीजचे दार लावलेले राहिल्यामुळे. फ्रीज चालू ठेवायचा असेल तर आतल्या नाशवंत वस्तू काढून टाका आणि एक साधी युक्ती करा. छोट्या पेल्यात पाणी भरून ते फ्रीझरमध्ये पूर्ण गोठवा आणि वर एक नाणे ठेवा. परतल्यावर नाणे वरच असेल तर बर्फ वितळलेला नाही. ते तळाशी गेलेले दिसले तर मध्यंतरी वीज बराच काळ नव्हती असे समजून फ्रीझरमधील सर्व वस्तू टाकून द्याव्यात, मग त्या पुन्हा गोठलेल्या आणि चांगल्या दिसत असल्या तरीही. दार न उघडता फ्रीजचा खालचा कप्पा वीज नसताना साधारण चार तास पुरेसा थंड राहतो. गच्च भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला त्याच्या निम्मा वेळ.

पाण्याचा मुख्य कॉक बंद करणे ही गोष्ट मी कोणालाही टाळू देत नाही. काही वर्षांपूर्वी बारा दिवसांनी मी घरी परतले तेव्हा वॉशबेसिनखालची लवचीक जोडनळी फाटलेली होती आणि पाणी दोन खोल्यांत पसरून फर्निचरचे पाय फुगले होते. ती नळी जाताना अगदी ठणठणीत दिसत होती. गीझर असेल तर आधी त्याची वीज बंद करा, मग मुख्य कॉक फिरवा आणि नंतर घरातील एखादा नळ उघडून नळ्यांतील दाब जाऊ द्या. हा क्रम उलटा करू नये. गॅसचा सिलिंडर असेल तर शेगडीच्या बटणावर विसंबू नका, रेग्युलेटरच बंद करा. विजेचे बाकीचे सर्किट मुख्य पेटीतून बंद करता येतात, फक्त फ्रीज त्यांपैकी कोणत्या खटक्यावर आहे ते आधी तपासून त्यावर चिठ्ठी चिकटवा.

रोपांसाठी पाण्याने भरलेले भांडे कुंडीपेक्षा थोडे उंचावर ठेवून त्यातून जाड सुती दोरी कुंडीतील मातीत खोचली तर दोरीतून पाणी हळूहळू झिरपत राहते. निघण्यापूर्वी आठवडाभर आधी ही व्यवस्था करून दोरी किती पाणी ओढते ते पाहा. भांड्याचे तोंड दोरीपुरती जागा सोडून घट्ट झाका आणि कुंड्यांखालच्या ताटल्या घासून कोरड्या करून उपड्या ठेवा, कारण उबदार हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

आणि एक किल्ली विश्वासातल्या माणसाकडे द्या. आठवड्यातून एकदा दार उघडून पाच मिनिटे घरात फिरणारा माणूस जे पाहील, ते वरच्या कोणत्याही युक्तीला कळणार नाही.

प्रश्न : घरातून निघाल्यावर गॅस बंद केला का, दार लागले का, याची मला इतकी शंका येते की मी दोन-तीनदा परत येऊन पाहतो. एकदा त्यामुळे गाडी चुकली. एकटाच राहत असल्याने विचारायला घरात कोणी नसते. यावर काही उपाय आहे का?

उत्तर : उपाय आहे, पण तो तुम्ही करत आहात त्याच्या बरोबर उलट आहे. मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट या संशोधकांचा एक प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहभागी व्यक्तींना संगणकावरील शेगडी पुन्हा पुन्हा लावून, बंद करून तपासायला सांगितले होते. वारंवार तपासणाऱ्यांची आठवण चुकीची ठरली नाही; परंतु ती पुसट झाली आणि तिच्यावरचा त्यांचा विश्वास मात्र घटला. म्हणजे तुम्ही तिसऱ्यांदा परत येऊन पाहता तेव्हा खात्री वाढत नाही. तीच कृती इतक्या वेळा केल्यामुळे आजची कोणती आणि मघाची कोणती हे मनाला वेगळे करता येत नाही.

म्हणून एकदाच तपासावे, पण ते तपासणे ठसठशीत असावे. जपानमधील रेल्वे कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतात, कारण डोळे, हात आणि आवाज एकाच गोष्टीवर आले की लक्ष निसटत नाही. तुम्हीही रेग्युलेटरकडे बोट दाखवून "आज मंगळवार, गॅस बंद" असे स्पष्ट म्हणा. वार म्हटल्यामुळे ती आठवण कालच्या आठवणीत मिसळत नाही. घर एकटे असल्याने तुम्हाला संकोच वाटण्याचेही कारण नाही. दाराजवळ चार-पाच ओळींची यादी लावा, त्यावर खूण करा आणि ती पूर्ण झाल्यावर कुलूप लावा. फोनवर छायाचित्र काढून ठेवण्याचा सल्ला अनेक जण देतात. दीर्घ प्रवासासाठी तो ठीक आहे, पण रोजच्या रोज छायाचित्र पाहत राहिलात तर तेही तपासण्याचेच दुसरे रूप होईल. शंका येईल, तिला येऊ द्या, आणि तरीही पुढे चालत राहा. ती काही वेळाने आपोआप ओसरते. परंतु या तपासण्यात रोज तासाभराचा वेळ जात असेल किंवा कामे बुडत असतील तर मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य भेटा. या त्रासावर परिणामकारक उपचार आहेत आणि तो एकट्याने निभावण्याची गरज नाही.

प्रश्न : महिनाभराने घर उघडले की न्हाणीघरातून मैल्यासारखा वास येतो. नळी फुटली असेल का?

उत्तर : बहुधा काहीही फुटलेले नाही. मोरीच्या जाळीखाली आणि बेसिनच्या नळीत एक वळण असते, त्यात सतत थोडे पाणी साचून राहते आणि तेच पाणी सांडपाण्याच्या नळीतील वायूला घरात येऊ देत नाही. प्लंबर याला ट्रॅप म्हणतात. अलेक्झांडर कमिंग या घड्याळे बनवणाऱ्या कारागिराने १७७५ मध्ये ब्रिटनमध्ये ज्या शौचपात्राचे पेटंट घेतले त्यात असे वळण होते, आणि आजही जगभर तेच तत्त्व वापरले जाते. वापर नसला की ते पाणी काही आठवड्यांत उडून जाते आणि वासाला, तसेच झुरळांना, वाट मोकळी होते. प्रत्येक जाळीत आणि बेसिनमध्ये तांब्याभर पाणी ओता, शौचालयाचा फ्लश एकदा चालवा आणि खिडक्या उघडा. अर्ध्या तासात फरक जाणवेल. पुढच्या वेळी निघताना जाळीत पाणी ओतून त्यावर दोन चमचे खाद्यतेल सोडा. तेलाचा थर पाणी उडू देत नाही. एवढे करूनही वास दोन दिवस टिकला तर मात्र नळी तपासून घ्यावी.

याच्याच जोडीने आणखी एक सवय लावून घ्या. नळ्यांत साचून राहिलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील एका अधिवेशनानंतर अनेकांना झालेल्या न्यूमोनियामुळे त्यांचा शोध लागला. ते पाणी पिण्यापेक्षा त्याचे सूक्ष्म तुषार श्वासावाटे आत जाणे धोक्याचे असते. म्हणून परतल्यावर लगेच शॉवरखाली उभे राहू नका. प्रत्येक नळ काही मिनिटे वाहू द्या आणि शॉवर बादलीत बुडवून सोडा, म्हणजे तुषार उडणार नाहीत. वयस्कर व्यक्तींनी आणि फुप्फुसांचे विकार असलेल्यांनी हे विशेष पाळावे.

दार उघडताच येणारा वास गॅसचा असेल तर मात्र यातले काहीही करू नये. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो. दिव्याचे बटण दाबू नका, चालू असलेले बटण बंदही करू नका. दारे-खिडक्या उघडून बाहेर पडा आणि मदतीसाठीचा फोन बाहेरूनच करा.

प्रश्न : विमानप्रवासात पॉवर बँक कोणत्या सामानात ठेवावी?

उत्तर : नेहमी हातातल्या सामानात, विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत ती चालत नाही, कारण लिथियम बॅटरीने पेट घेतला तर तो केबिनमध्ये दिसतो आणि विझवता येतो. सर्वसाधारण मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. तुमच्या पॉवर बँकेवर २०,००० मिलिअँपिअर-तास आणि ३.७ व्होल्ट असे लिहिले असेल तर ती ७४ वॉट-तासांची होते, म्हणजे मर्यादेत बसते. किती नग नेता येतील आणि त्या प्रवासात वापरता येतील का, याचे नियम विमान कंपनीनुसार बदलतात, ते तिकीट काढताना पाहून घ्यावेत.

प्रश्न : माझे वय ५८ आहे. पतीच्या निधनानंतर पहिल्यांदाच एकटीने दहा दिवसांच्या प्रवासाला जायचे ठरवले आहे. मुलांचा विरोध नाही, पण त्यांना धास्ती वाटते, आणि त्यांची धास्ती पाहून मीच आता डगमगते आहे. काय करावे?

उत्तर : जावे. तुमच्या पत्रात प्रवासाचे कारण तुम्ही लिहिलेले नाही आणि मला ते विचारावेसेही वाटत नाही. जावेसे वाटणे एवढे कारण पुरेसे आहे. प्रश्न मुलांच्या धास्तीचा आहे, आणि "काळजी करू नका" या शब्दांनी ती जाणार नाही. ती ज्या गोष्टींबद्दल आहे त्या एका कागदावर उतरवाव्या लागतील.

कोणत्या दिवशी कुठे मुक्काम आहे, तिथला पत्ता, गाड्यांच्या वेळा, तुमची औषधे आणि त्यांचे मूळ घटक हे सारे लिहून एक प्रत मुलांकडे द्या. त्यानंतर रोजच्या एका संदेशाची वेळ ठरवा. दिवसभर येणाऱ्या चौकशीच्या फोनांपेक्षा ठरलेला एकच संदेश दोन्ही बाजूंना अधिक स्वस्थता देतो, परंतु तो आला नाही तर काय करायचे हेही आधीच ठरलेले हवे. दोन तास थांबायचे, मग मुक्कामाच्या ठिकाणी फोन करायचा, तिथूनही काही कळले नाही तर पोलिसांना कळवायचे, असा क्रम लिहून ठेवला म्हणजे फोनची बॅटरी संपली एवढ्या कारणाने घरात हलकल्लोळ होत नाही. फोनच्या कुलूपबंद पडद्यावर रक्तगट, ॲलर्जी आणि मुलांचा क्रमांक दिसेल अशी सोय करून घ्या. अनेक देशांत ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक आहे, तुम्ही जाणार तिथला कोणता ते पाहून ठेवा.

बॅग तुम्हाला स्वतःला एक जिना वर नेता येईल इतकीच भरा आणि निघण्यापूर्वी ती खरोखर जिना चढून पाहा. औषधे दोन ठिकाणी विभागून हातातल्याच सामानात ठेवा. इन्सुलिन तर विमानाच्या मोठ्या बॅगेत कधीच टाकू नये, कारण ते गोठले की निकामी होते. पहिला मुक्काम आधी नक्की केलेला असावा आणि तिथे उजेड असताना पोहोचावे. बाकीचे दिवस सैल ठेवले तरी चालतील. खोलीत गेल्यावर सामान ठेवण्यापूर्वी दाराची कडी लागते का ते पाहा आणि आपल्या दारापासून जिन्यापर्यंत मध्ये किती दारे आहेत ती मोजा, कारण धुरात दिसेनासे झाले तर भिंतीला हात लावत तेवढीच दारे मोजून बाहेर पडता येते. चार तासांहून लांबच्या बैठ्या प्रवासात दर तासा-दीड तासाने उठून चाला, जागेवर बसूनही पोटऱ्यांची हालचाल करा.

एक गोष्ट मात्र यादीत बसत नाही. एकट्याने प्रवास करणाऱ्यांना दिवस जड जात नाही, संध्याकाळ जड जाते, आणि वर्षानुवर्षे सोबतीने प्रवास केलेल्या माणसाला तर पहिल्या दोन-तीन संध्याकाळी फार जड जातात. तुमचे काही चुकले आहे किंवा निघायलाच नको होते, असा त्याचा अर्थ लावू नका. त्या वेळेसाठी काहीतरी ठरवून ठेवा, पत्र लिहा, दिवसाची टिपणे काढा, पायी एक ठरावीक फेरी मारा, आणि मुलांना पाठवायचा संदेश त्याच वेळेला ठेवा. तिसऱ्या दिवसापूर्वी परतीचे तिकीट बदलण्याचा निर्णय मात्र घेऊ नका; तोवर नव्या जागेची झोप लागलेली नसते आणि थकव्यात सगळेच अंधारलेले दिसते. त्यानंतरही परतावेसे वाटले तर खुशाल परत या, त्यात काहीही कमीपणा नाही. परत आलात की मला पुन्हा लिहा, मी त्या पत्राची वाट पाहीन.