ऊस तोडताना सापडलेली ठिपकेवाली पिल्लं बिबट्याची की वाघाटीची, कसं ओळखावं?

आकारावरून फसू नका. वाघाटी ही जगातल्या सर्वांत छोट्या रानमांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेलीसुद्धा जेमतेम दीड किलोची. राखाडी अंगावर गंजासारखे तांबूस ठिपके, कपाळावर उभे पट्टे, शेपटीवर मात्र ठळक ठिपके नाहीत. बिबट्याच्या पिल्लाचे ठिपके काळे, दाट असतात.

ती निशाचर. झाडावर सहज चढते. उंदीर, पाली, बेडूक खाते, म्हणून उसात उंदरांमागे येते आणि तिथंच विते.

पिल्लं घरी नेऊ नका, गाईचं दूध तर मुळीच पाजू नका, हगवण लागते. १९२६ वर वनविभागाला कळवा. त्यांच्या देखरेखीत पिल्लं संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात. माणसं लांब राहिली तरच आई रात्री येऊन नेते.