चिनी राजांची समाधी की थडगे?

प्रश्न असा आहे: प्राचीन चिनी राजघराण्यांच्या दफनस्थळांबद्दल मराठीत लिहिताना समाधी, मकबरा, कबर, थडगे यांपैकी कोणता शब्द वापरावा?

माझ्या मते थडगे. समाधी तर नकोच. समाधी म्हटले की आळंदी आठवते, रायगड आठवतो. तिथे लोक डोके टेकवायला जातात. मृताच्या पुढच्या जगण्यासाठी भांडी, शस्त्रे, सेवक असे सगळे सोबत पुरणे त्या शब्दात कुठे बसते? चीनमध्ये तर तीच मुख्य गोष्ट.

फू हाओ ही चीनच्या शांग घराण्यातल्या राजा वू डिंगची राणी. लढायांमध्ये सैन्याचे नेतृत्वही तिने केले. इ.स.पू. १२०० च्या सुमाराचे तिचे थडगे चीनमधल्या आन्यांग शहराजवळ १९७६ मध्ये सापडले, तेही चोरांचा हात न लागलेले. साडेसात मीटर खोल खड्डा, त्यात ४६८ कांस्यवस्तू, जेड या मौल्यवान दगडाच्या ७५५ वस्तू, सुमारे ६,९०० कवड्या. शिवाय बळी दिलेली १६ माणसे आणि ६ कुत्री. याला समाधी म्हणणे मला तरी पटत नाही.

मकबरा म्हणजे इमारत आलीच, आणि इथे महत्त्वाचे ते सगळे जमिनीखाली आहे. कबर चुकीचा नाही, पण मराठी वाचक तो शब्द विशिष्ट धर्मांशी जोडतो.

चीनचा पहिला सम्राट छिन शी ह्वांग याच्या बाबतीत मात्र 'दफनसंकुल' लिहावे. १९७४ मध्ये उजेडात आलेले मातीचे सैनिक त्याच्या थडग्यात मिळालेले नाहीत. ते मिळाले थडग्यावर रचलेल्या मातीच्या टेकाडापासून सुमारे दीड किलोमीटर पूर्वेच्या खड्ड्यांत. टेकाडाखालचा मुख्य कक्ष अजून उघडलेलाच नाही. 'सम्राटाच्या समाधीत सैनिक सापडले' या वाक्यात शब्दही चुकतो आणि माहितीही. चिनीतही सामान्य थडग्याला 'मू' म्हणतात, सम्राटाच्या थडग्यासाठी वेगळा शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ टेकडी.

आत सापडलेल्या गोष्टींना सरसकट 'अवशेष' म्हणू नये. विदर्भात प्राचीन दफनांभोवती रचलेल्या शिळावर्तुळांखालच्या हाडांना तो शब्द शोभतो. फू हाओचे नाव असलेले कांस्य परशू चांगले धडधाकट आहेत. त्यांना 'दफनवस्तू' म्हणावे.