बॉन्ड ऑर्डर काढताना आधी ऑक्सिजन घे

बॉन्ड ऑर्डरचं (दोन अणूंमध्ये किती बंध आहेत त्या आकड्याचं) सूत्र पाठ असलं तरी ऑक्सिजनच्या रेणूची मॉलिक्युलर ऑर्बिटल आकृती (रेणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा-पातळ्यांचं चित्र) एकदा स्वतःच्या हाताने काढच. 16 इलेक्ट्रॉन खालून वर भरत जा; 10 बॉन्डिंगमध्ये (बंध घट्ट करणाऱ्या पातळ्यांत), 6 अँटीबॉन्डिंगमध्ये (बंध सैल करणाऱ्या पातळ्यांत). फरक 4, त्याचे निम्मे 2, म्हणजे दुहेरी बंध. पण शेवटचे दोन इलेक्ट्रॉन नीट बघ: पाय-स्टार नावाच्या, सारख्या ऊर्जेच्या दोन अँटीबॉन्डिंग पातळ्यांत ते एकेकटे बसतात, म्हणून द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो. लुईसच्या आकृतीत (जिथे बाहेरचे इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवतात) हे दिसतच नाही. मला तर हा मॉलिक्युलर ऑर्बिटल सिद्धांत इथेच आवडायला लागला.

आयनचा प्रश्न आला की इलेक्ट्रॉन कुठून निघाला ते आधी शोध. ऑक्सिजनमधून एक अँटीबॉन्डिंग इलेक्ट्रॉन काढला की ऑर्डर 2.5 होते, बंध 121 वरून 112 पिकोमीटरवर येतो. नायट्रोजनमध्ये मात्र निघणारा इलेक्ट्रॉन बॉन्डिंगमधला असतो, म्हणून ऑर्डर 3 वरून 2.5 वर घसरते.