काकूंना तो नंबर कुणी सांगायचा?

खानापूर तालुक्यातल्या एका गावातून हे पत्र आलंय. लिहिणारा १९ वर्षांचा, बेळगावात डिग्रीला. नाव छापू नका म्हणालाय, म्हणून गावाचंही सांगत नाही. पत्र थोडं आखडून देते.

‘मावशी, जुलैत एका संध्याकाळी आम्ही तिघं मित्र आमच्या माडीवर बसलो होतो. धो धो पाऊस. गल्लीतल्या एका काकूंची मस्करी करायचं ठरलं. काकू ६३ वर्षांच्या, एकट्याच असतात. मुलगा गोव्यात कंपनीत आहे, शनिवारी सुटला की चोर्ला घाटातनं बाईकवरून येतो. त्या दिवशी शनिवारच होता. एका मित्रानं नव्या सिमवरून फोन लावला आणि पोलिसासारखा आवाज काढून कन्नडमध्ये बोलला, “निम्म मगंद ॲक्सिडेंट आगेती,” म्हणजे तुमच्या मुलाचा ॲक्सिडेंट झालाय. काकूंचा नंबर आणि मुलाचं नाव मी दिलं होतं. पाच मिनिटांनी फोन करून मस्करी होती म्हणून सांगायचं ठरलं होतं. पण काकूंनी परत फोन उचललाच नाही. छत्रीसुद्धा न घेता त्या वडापची जीप धरायला पळाल्या आणि उतारावर घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मित्र म्हणतात, आपण काय ढकललं न्हवतं, गप बस. मी तेव्हापासून त्यांना रोज दूध आणून देतो. परवा त्या मला म्हणाल्या, “तुला मोबाईलमधलं कळतंय न्हवं, तो नंबर कुणाचा तेवढं बघून दे की रे.” मला झोप लागत नाही. काय करू?’

बाळा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. काकूंच्या त्या वाक्यापाशी दर वेळी थांबले. ज्याला विचारू नये त्यालाच त्यांनी विचारलं, आणि का विचारलं, तर गल्लीत त्यांचा तुझ्यावर विश्वास आहे.

आधी त्या फोनबद्दल बोलू, कारण तो त्यांच्या कानात कसा पडला असेल हे तुझ्या मित्रांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. काकूंना बाजारापुरतं कन्नड येत असेल. पलीकडून दरडावणारा आवाज आला की आपल्याकडची त्या वयाची बाई ‘हां सर, हां सर’ म्हणत राहते, उलट काही विचारत नाही. त्यांना कळले असतील ते तीन शब्द: मुलाचं नाव, ‘मगा’ म्हणजे मुलगा, आणि ‘ॲक्सिडेंट’. कुठं, कधी, कसा आहे, हे विचारायला त्यांच्याकडे भाषा नव्हती. मग त्यांनी मुलाला फोन लावला असणार. घाटात कितीतरी ठिकाणी रेंज नसते. लागला नसेल. पावसात, घाटात, मुलगा बाईकवर, आणि फोन लागत नाही. आता सांग, पाच मिनिटं थांबून घरात बसणारी आई तू कुठं पाहिली आहेस?

मी शहापुरात वाढले. लहानपणी आमच्या घरी एकदा तार आली होती. मामाला मुंबईत नोकरी लागल्याची तार होती ती. पण आजीनं तारवाल्याला दारात बघितलं, भिंत धरली आणि खाली बसली. वाचून दाखवल्यावरही बराच वेळ तिचे हात थरथरत होते. तारेची सेवा १५ जुलै २०१३ ला बंद झाली, पण ती धास्ती गेली नाही. आता ती अनोळखी नंबरात जाऊन बसली आहे. ज्यांची मुलं दूर पोटापाण्याला गेलीत, अशा प्रत्येक घरात ती आहे, आणि आपल्या भागात अशी घरं किती आहेत ते तुला माहीत आहे. तुम्ही तिघांनी नेमकं तिथंच बोट ठेवलंत. ती मस्करी चालली ती काकूंचा त्या मुलावर जीव आहे म्हणून.

मित्र म्हणतात, ढकललं नव्हतं. ते खरं आहे. तुमच्या मनात त्यांना इजा करायचं नव्हतं, हेही मला पटतं, आणि म्हणूनच मी तुला वाईट मुलगा म्हणणार नाही. पण मनात काय होतं यानं काकूंचं हाड जुळत नाही. पडल्या त्या, ऑपरेशनचा खर्च त्यांच्या मुलाला, वॉकर धरून मोरीपर्यंत जायचं त्यांनी, आणि तुम्ही तिघं ‘आमचा हेतू तसा नव्हता’ म्हणून मोकळे, हा हिशेब मला मान्य नाही. बोलला मित्र, हेही पुढं करू नकोस. नंबर आणि नाव तू दिलं नसतंस तर तो फोन लागलाच नसता.

तू तेव्हा लहान होतास, म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. डिसेंबर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका रेडिओच्या दोन निवेदकांनी इंग्लंडची राणी आणि राजपुत्र असल्याचं सोंग घेऊन लंडनच्या एका हॉस्पिटलात फोन केला. राजघराण्याची सून तिथं दाखल होती. पहाटेची वेळ, फोन घ्यायला स्वागतकक्षात कुणी नाही, म्हणून जॅसिंथा सल्डाना नावाच्या नर्सनं तो उचलला आणि वॉर्डात जोडून दिला. तिनं केलं ते एवढंच. पुढचं बोलणं जगभर ऐकवलं गेलं, लोक हसले. तिसऱ्या दिवशी तिनं आपलं आयुष्य संपवलं. ती आपल्याच कर्नाटकातली, उडुपी जिल्ह्यातल्या शिर्व्याला तिला माती दिली. एका फोनमुळेच तसं झालं असं मी म्हणणार नाही. माणसाच्या आत काय काय साचलेलं असतं ते बाहेरून दिसत नाही. मला आठवत राहते ती नंतरची गोष्ट. २०१४ मध्ये लंडनच्या कोर्टात तिच्या मृत्यूची चौकशी झाली, तेव्हा त्या दोघांपैकी एक निवेदिका ऑस्ट्रेलियाहून तिथं आली आणि तिनं घरच्यांची माफी मागितली. परवानगी वरच्यांनी दिली होती, प्रसारणाचं त्यांनी ठरवलं होतं, असं म्हणून तिला घरी बसता आलं असतं.

तुला तर गल्ली ओलांडायची आहे.

दूध नेतोस ते चांगलंच आहे, बंद करू नकोस. पण काकू रोज तुला ‘गुणाचा पोरगा’ म्हणत असतील आणि तू ते ऐकून घेत असशील. ते आधी थांबायला हवं. आज रात्री वडिलांना सगळं सांग. ते चिडतील, चिडू देत. पोलिसाचं सोंग घेणं हा गुन्हा ठरू शकतो, त्यामुळे ओळखीच्या वकिलाला विचारायचं तर विचारा, पण त्या निमित्तानं काकूंकडे जायचं लांबवू नका. मित्रांनाही सांग की मी जाणार आहे, येता का. आले तर बरं. नाही आले तर स्वतःपुरतं बोल. त्यांची नावं काकूंनी किंवा मुलानं विचारली तर खोटं मात्र बोलू नकोस. आणि त्या फोनचं रेकॉर्डिंग केलं असेल, ग्रुपवर टाकलं असेल, तर ते पुढं जाता कामा नये. काकूंचा तो घाबरलेला आवाज कुणाच्या करमणुकीला नको.

काकूंपुढे ‘आम्हाला असं होईल वाटलं नव्हतं’ इथनं सुरुवात करू नकोस. काय केलं ते आधी सांग, सगळं. माफ करा म्हण, पण माफ केलं का असं विचारत उभा राहू नकोस. त्या रडतील, कदाचित ‘माझ्या दारात येऊ नको’ म्हणतील. तो त्यांचा हक्क आहे, आणि तसं झालं तर दूध तुझ्या आईनं न्यावं.

खर्चाचं मुलाशी बोला. तुम्हा तिघांच्या घरांनी मिळून वाटा उचलावा, हप्त्यानं का होईना. आणखी एक गोष्ट तुला जमेल, जी पैशानं होत नाही. हॉस्पिटलचे कागद कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत असतात. तू शाळेत कन्नड शिकला आहेस. काकू हो म्हणाल्या तर तपासणीला त्यांच्याबरोबर जा, खिडकीवर तू बोल, डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना मराठीत नीट समजावून सांग. ज्या भाषेनं त्यांना घाबरवलं, तिच्यातलं सगळं त्यांना कळू दे.

काकूंना सांगितल्यावरही झोपेचं ठीक झालं नाही, किंवा मनात नको ते विचार यायला लागले, तर १४४१६ वर फोन लाव. टेलिमानस म्हणून सरकारी सेवा आहे, फुकट, रात्रीसुद्धा.

मुलगा शनिवारी येतो म्हणालास. त्याच्या आधी जा, म्हणजे काकूंना ते तुझ्या तोंडून कळेल. दूध खाली ठेव, त्यांच्या समोर बस आणि म्हण, ‘काकू, तुम्ही तो नंबर शोधायला सांगितला होता.’

– मावशी