रेझ्युमे कुणाकडून तपासून घ्यावा

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा रेझ्युमे निवांतपणे वाचला. 'काका, एकदा नजर टाका आणि काय सुधारायचं ते सांगा,' एवढंच तू लिहिलं आहेस. नुसती नजर टाकली तर स्पेलिंगच्या चुका सापडतात, त्यांवर खुणा करून ठेवल्या आहेत. पण पुण्याकडून मुलाखतीचं बोलावणं येत नाही ते त्या चुकांमुळे नव्हे. हा कागद किती जणांच्या हातून गेला आहे ते वाचतानाच कळतं. वरचं 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' कुठल्या तरी नमुन्यातून उचललेलं, डिझाइन कॅन्व्हावरचं, मधला मजकूर चॅटजीपीटीचा, आणि तळाशी झेरॉक्सच्या दुकानात टाकून मिळतं ते डिक्लेरेशन. प्रत्येकानं आपल्या परीनं मदतच केली. पण वाळूजच्या त्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून तू दोन वर्षं नेमकं काय केलंस, ते या सगळ्यात बुजून गेलं. म्हणून मदत कुणाची घ्यायची आणि कशी मागायची, याबद्दलच आज लिहितो.

बहुतेक मुलंमुली आधी चांगलं इंग्रजी येणाऱ्या नातेवाइकाकडे जातात. तूही तेच केलंस. त्याला तुझं काम ठाऊक नाही, त्यामुळे त्याच्या हातात फक्त शब्द बदलणं उरतं. पहिला माणूस असा हवा, ज्यानं तुला काम करताना पाहिलंय. तुझ्या जुन्या लाइनचे सुपरवायझर, किंवा तुझ्याआधीपासून तिथे असलेली एखादी सीनियर इन्स्पेक्टर. दुसरा माणूस तुला हवी आहे ती नोकरी आज करणारा. इंग्रजीवाला सर्वांत शेवटी, वाक्यं तपासण्यापुरता.

तुझ्या कागदावरचं एक वाक्य घे: 'रिस्पॉन्सिबल फॉर क्वालिटी इन्स्पेक्शन ॲक्टिव्हिटीज.' हे वाक्य औषधाच्या कारखान्यात बाटल्या तपासणारी मुलगी लिहील, बिस्किटांच्या पॅकिंगवरचा मुलगाही लिहील. त्यात तू नाहीस. आणि परवा फोनवर, मी चार प्रश्न विचारल्यावर, तू काय सांगितलंस? पंपाच्या बॉडीचं बोअर, म्हणजे आतल्या भोकाचं माप, तू एअर गेजवर तपासायचीस. टूल बदलला की पहिला नग तू पास केल्याशिवाय मशीन पुढे चालत नसे. शिफ्टच्या उत्तरार्धात बोअरचं माप हळूहळू खालच्या मर्यादेकडे सरकतंय, हे तुझ्याच रन चार्टवर, म्हणजे मापं ओळीनं मांडलेल्या आलेखावर, आधी दिसलं. टूलचा कापणारा तुकडा, म्हणजे इन्सर्ट, झिजत होता. तू मशीन लावणाऱ्या सेटरला बोलावून ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, द्यायला लावलास आणि नंतर किती नगांनी इन्सर्ट बदलायचा तेच ठरवून घेतलं गेलं. अगं, ही गोष्ट माझ्यासारख्या क्वालिटीत आयुष्य घालवलेल्या माणसानं वाचली, तर तो कागद बाजूला काढून ठेवेल आणि फोन करेल. माप मर्यादेच्या आत असतानाच ते कुठे चाललंय हे बघणारा इन्स्पेक्टर सहजासहजी मिळत नाही. नग बाहेर गेल्यावर लाल टॅग लावणारे पुष्कळ मिळतात.

तुझ्या रेझ्युमेत यातलं एक अक्षर नाही. विचारलं तर म्हणालीस, 'त्यात काय विशेष, ते तर रोजचंच काम.' नेमकं म्हणूनच मदत लागते. रोजच्या कामातलं काय मोलाचं आहे, ते आपलं आपल्याला दिसत नाही. समोरच्यानं 'मग पुढे काय केलंस?' असं विचारावं लागतं. जो असे प्रश्न विचारेल त्याच्याकडे जा. जो कागद घेऊन लगेच खोडायला बसतो त्याच्याकडून आभार मानून परत ये.

एक कर. कालच रुजू झालेल्या मुलीला तुझं काम समजावून सांगते आहेस असं धरून अर्धा तास मराठीत बोल आणि फोनवर रेकॉर्ड कर. सकाळी आल्यावर पहिल्यांदा काय उघडायचं, कुठलं गेज कॅलिब्रेशनला गेलं की काय करायचं, रिजेक्शन वाढलं की कुणाला सांगायचं, सगळं. मग ते ऐकून एकेक ओळ काढ आणि नंतर इंग्रजीत ने. इंग्रजी साधंच ठेव: काय तपासलं, कशावर तपासलं, त्यानं काय बदललं. आकडे घालायचे तर तेवढेच, ज्यांचा हिशेब मुलाखतीत तुला वहीवर मांडता येईल. ग्राहक कंपनीचं नाव, ड्रॉइंग नंबर, त्यांचे पीपीएमचे (दहा लाख नगांमागे किती सदोष, ते) आकडे यांतलं काही लिहू नकोस. ती माहिती जुन्या कंपनीची आहे, आणि ती सहज वाटणारा माणूस नव्या कंपनीला नको असतो.

चॅटजीपीटी वापरू नकोस असं मी म्हणणार नाही. फक्त 'माझा रेझ्युमे चांगला कर' असं सांगू नकोस. मग ते 'रिझल्ट-ड्रिव्हन प्रोफेशनल' वगैरे लिहून देतं, आणि तसे कागद आता प्रत्येक एचआरकडे ढिगानं पडलेले असतात. जाहिरात दे आणि सांग, की या जागेसाठी मुलाखत घेणारा मला काय विचारेल ते एकेक करून विचार. उत्तरं तू दे.

आणि अप्रेंटिसशिप कुठे गेली? डिप्लोमानंतरचं ते अख्खं वर्ष तू गाळलंस, 'ते ट्रेनिंगच होतं' म्हणून. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. त्याखालचं ते रीतसर प्रशिक्षण आहे, आणि मुंबईच्या अप्रेंटिसशिप बोर्डाचं प्रमाणपत्र तुझ्याकडे आहे. ते वर्ष अनुभवातच लिही, अप्रेंटिस असं स्पष्ट म्हणून. त्या वर्षी तू सीएमएमवर, म्हणजे त्रिमितीय मापं घेणाऱ्या मशीनवर, बसलीस, आणि तू अर्ज करणार आहेस त्या चाकणच्या जाहिरातीत सीएमएमच मागितलंय.

बाकी मांडणीचं थोडक्यात. दोन वर्षांच्या अनुभवाला एक पान पुरे. फोटो, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, जात-धर्म आणि डिक्लेरेशन काढून टाक. आधार आणि पॅनचा नंबर तर रेझ्युमेवर कधीच नको, हा कागद कुणाकुणाच्या फोनमध्ये जाईल सांगता येत नाही. 'मायक्रोमीटर'समोर चार तारे म्हणजे काय, ते वाचणाऱ्याला कळत नाही. दोन रकान्यांचं डिझाइनही नको. बऱ्याच ठिकाणी अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि रकाने असले की काही वेळा ओळी एकमेकांत मिसळतात. तपासायचं सोपं आहे: पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाक. तिथे तो सरळ वाचता आला तर ठीक. आयएटीएफ १६९४९, एसपीसी, पीपॅप हे क्वालिटीच्या कामातले शब्द जाहिरातीत असतील आणि तुला खरंच येत असतील, तर जाहिरातीत आहेत तसेच लिही.

आता एक गोष्ट मात्र नीट ऐक. वाळूज सोडलंस त्याची तारीख कुणी तरी सहा महिने पुढे ढकलून दिली आहे. 'गॅप दिसायला नको' म्हणून. मला ते वाचून खरंच वाईट वाटलं, कारण तू तशी नाहीस. तुझ्या यूएएनखाली, म्हणजे पीएफच्या कायम नंबराखाली, ईपीएफओकडे (पीएफच्या संस्थेकडे) नोकरीला लागल्याची आणि सोडल्याची तारीख नोंदलेली असते आणि रुजू करून घेताना अनेक कंपन्या ती पाहतात. ऑफर हातात आल्यावर ती अशा कारणानं परत गेली, तर तुझ्या बाजूनं बोलायला कुणाला तोंड राहणार नाही. आईच्या आजारपणात सहा महिने घरी होतीस, तिला उभं केलंस. ते एका वाक्यात सांगायचं आणि पुढे कामाबद्दल बोलायचं. ज्यानं ही तारीख बदलून दिली, त्याची मदत यापुढे घेऊ नकोस.

मदत मागताना 'जरा बघा ना' असं पाठवू नकोस. जाहिरात आणि रेझ्युमे दोन्ही एकत्र पाठव आणि एकच प्रश्न विचार: 'या जागेसाठी तुम्ही माणूस निवडत असतात, तर हे वाचून तुम्हाला पहिली शंका कोणती आली असती?' या प्रश्नाला गडबडीतला माणूसही उत्तर देतो. रात्री अकराला 'अर्जंट' लिहून पाठवू नये, दोन-तीन दिवस द्यावेत. दोघांना विचारलंस तरी पुरे, सात जणांना विचारलंस तर सात मतं येतील आणि कागद पुन्हा कुणाचाच राहणार नाही. आणि पुढे बोलावणं आलं किंवा नाही आलं, ते त्यांना कळव. नव्वद टक्के मुलं हे करत नाहीत असं म्हणणं अन्यायाचं होईल, पण बरीचशी विसरतात आणि मग दुसऱ्यांदा विचारायला संकोचतात.

ओळखीचं कुणी नसेल, तरी दारं आहेत. तुझ्या पॉलिटेक्निकचे प्लेसमेंट ऑफिसर पास होऊन गेलेल्या मुलांनाही सहसा नाही म्हणत नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणी कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असतं, आपण ज्याला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणायचो तेच. केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल २०१५ पासून आहे, तिथे नोंदणीला पैसे लागत नाहीत. रेझ्युमे लिहून देण्याचे पैसे घेणं हा धंदा आहे, त्यात गैर काही नाही. पण 'इंटरव्ह्यू नक्की लावून देतो, आधी रजिस्ट्रेशन फी भरा' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नकोस, त्याचं लेटरहेड कितीही मोठ्या कंपनीचं दिसो.

सुपरवायझरांना आजच फोन कर. या आठवड्यात त्यांची पहिली पाळी असेल तर साडेतीननंतर मोकळे सापडतील. अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र शोधून स्कॅन करून ठेव, आणि रेकॉर्डिंग रविवारी दुपारपर्यंत माझ्याकडे पाठव. संध्याकाळी मी घरीच आहे, फोनवर बसून ओळी काढू. चाकणच्या जाहिरातीची शेवटची तारीख अजून पुढे आहे, तेव्हा घाईनं जुना कागद तिकडे पाठवू नकोस. आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका